जॉर्ज विंगेट

सर जॉर्ज विंगेट (इ.स. १८१२ – इ.स. १८७९) हे मुंबई इलाख्यातील ब्रिटिश लष्करी अभियंता व महसूल अधिकारी होते. हेन्री गोल्डस्मिड यांच्यासमवेत त्यांनी घडविलेली जमीनमोजणी व आकारणीची पद्धत महाराष्ट्रातील भूमी अभिलेखांचा पाया ठरली.

इंदापूरची मोजणी

पेशवाईच्या अस्तानंतर रॉबर्ट प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. हिशेब कागदावर सुबक असला, तरी त्यामागची मोजमापे चुकीची व भ्रष्टाचाराने दूषित होती. सारा झेपेना, थकबाकी वाढली आणि अनेक कुणब्यांनी गाव सोडले. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात फेरमोजणी सुरू झाली. त्या कामी गोल्डस्मिड यांना लेफ्टनंट विंगेट साहाय्यक म्हणून लाभले.

पद्धती

मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांत विभागलेली असे. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर देऊन बांधावर हद्दीच्या खुणा उभारल्या जात व गावाचा नकाशा तयार होई. नंतर प्रतवारी करणारा कारकून शेताच्या कच्च्या नकाशाचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली पाही. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असे दोष आढळल्यास प्रत उतरे. मातीच्या नऊ प्रती असून त्यांचे मोल आण्यांत मांडले जाई. निव्वळ उत्पन्नाचा आडाखा सोडून हवामान, बाजारपेठेचे अंतर व पूर्वीच्या वसुलीचा इतिहास पाहून गावांच्या गटाचे दर ठरत आणि ते ३० वर्षे कायम राहत. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवालात हे नियम एकत्र केले. १८६५ च्या मुंबई सर्वेक्षण कायद्याने या पद्धतीस अधिष्ठान दिले.

सावकारी आणि इशारा

सारा भरेपर्यंत जमीन आपली, ती विकताही येते, ही हमी शेतकऱ्याला मिळाली. मात्र नंबर व क्षेत्र निश्चित झालेली जमीन सावकाराला उत्तम तारणही वाटू लागली. महसूल सर्वेक्षण आयुक्त असताना १८५२ मध्ये विंगेट यांनीच कुणबी दिवाणी न्यायालयाच्या बळावर सावकाराच्या कह्यात जात असल्याचे सरकारच्या निदर्शनास आणले. इंदापूरची पहिली मुदत संपताच नवे दर वाढले, कापसाची तेजी ओसरली आणि १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले. चौकशी आयोगाला त्यांचे जुने पत्र पुन्हा उघडावे लागले.

उत्तरकाळ

१८५९ मध्ये त्यांनी भारत व इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तिका लिहून भारतातून जाणाऱ्या खंडणीवजा रकमांवर टीका केली. दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांनी तिचा आधार घेतला. गावनकाशे आणि सर्व्हे नंबर मात्र त्यांच्या नावाविना चालत राहिले. वाटण्यांमुळे पडलेल्या पोटहिश्श्यांची मोजणी पुढच्या पिढ्यांना करावी लागली.