सावित्रीबाईंचा बळी घेणारा प्लेग माणसापर्यंत आला कसा? जाणून घ्या उंदीर-पिसवांची साखळी

शेलूबाजार : सावित्रीबाई फुले म्हटलं की १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दल मात्र पाठ्यपुस्तकात एखादीच ओळ असते, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना निधन. हा प्लेग मुळात माणसांचा आजारच नव्हता.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्म, नवव्या वर्षी लग्न, मग जोतीरावांच्या मदतीने शिक्षण. १८९० मध्ये जोतीराव गेल्यावर सत्यशोधक समाजाचं काम त्यांनीच पुढे नेलं. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसर परिसरात माळावर दवाखाना सुरू केला. रुग्ण तिथे नेण्याचं काम वयाच्या ६६ व्या वर्षी सावित्रीबाई करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातल्या आजारी पांडुरंगला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

उंदीर मेला की धोका वाढतो, तो का?

प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांसारख्या प्राण्यांत टिकून राहतो. तिथून तो घरच्या उंदरांत शिरतो आणि ते पटापट मरतात. मेलेल्या उंदराचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. जंतूंमुळे पिसवेची अन्ननलिका तुंबलेली असते, विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह चोकअप व्हावा तशी. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसह जखमेत परत जातं. अंथरूण-कपड्यांतूनही अशा पिसवा घरोघर पोहोचतात. आजार फुप्फुसात उतरला तर मात्र खोकल्यातूनही तो थेट पसरतो. रुग्णाला पाठीवर घेणाऱ्यासाठी हे दोन्ही रस्ते उघडे होते.

तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत लस स्वतःला टोचून घेतली होती. पण पिसवेची भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवली ती १८९८ मध्ये. पुण्यात घराघरांची झडती घेऊन माणसं बाहेर काढली जात होती, पण घरातल्या उंदीर-पिसवांचा विचार कुणाच्या डोक्यातच नव्हता.

आपल्याकडे पुन्हा कधी?

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, धान्य आतच राहिलं आणि उंदीर वाढले, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. आता वेळेत निदान झालं तर अँटिबायोटिकने प्लेग बरा होतो. त्यामुळे घरात, गोदामात किंवा शेतात एकदम बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता आधी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.