लॉरा इंगल्स वाइल्डर : कथेतले घर आणि इतिहासातली जमीन

ग्रंथालयाच्या बालविभागात भेटलेले पुस्तक पन्नाशीत पुन्हा उघडणे हे तसे धाडसाचेच काम. ‘लिटल हाउस’ मालिकेच्या बाबतीत तर अधिकच. कारण या पुस्तकांतील लॉरा ही खुद्द लेखिकाच आहे, आणि तिचे खरे आयुष्य आज आपल्याला बरेच ठाऊक झाले आहे.

लॉराबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, पेपिन गावाजवळ झाला. वडील चार्ल्स इंगल्स हे फिडल वाजविणारे, शिकारी आणि एका जागी पाय न ठरणारे गृहस्थ. १८६९ मध्ये त्यांनी कॅन्ससच्या गवताळ माळावर झोपडी बांधली. ती जमीन ओसेज या मूळ रहिवासी जमातीची राखीव भूमी होती. तेथे वसण्याचा कायदेशीर हक्क इंगल्स कुटुंबाला नव्हता. कथेतील लॉराला हा सारा प्रवास आठवतो. प्रत्यक्षात तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. हिवतापाने पछाडलेल्या कुटुंबाला वाचविणारा कृष्णवर्णीय डॉक्टर मात्र काल्पनिक नव्हे. डॉ. जॉर्ज टॅन यांची समाधी आजही त्या परिसरात आहे. १८७० च्या कायद्याने ओसेज लोकांना ती भूमी सोडून, पुढे ओक्लाहोमा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रदेशात जावे लागले. इंगल्स कुटुंब १८७१ मध्ये विस्कॉन्सिनला परतले, कारण तेथील त्यांच्या शेताच्या खरेदीदाराला पैसे देणे जमले नव्हते.

पुढे मिनेसोटातील टोळधाड, धाकटा भाऊ फ्रेडी याचा १८७६ मध्ये नवव्या महिन्यात मृत्यू, आयोवातील बर ओक येथे खाणावळीच्या हॉटेलातील कष्ट, आणि घरभाड्याच्या वादापायी रातोरात गाव सोडणे! फ्रेडी आणि बर ओक यांना पुस्तकांत जागा नाही. मोठी बहीण मेरी १८७९ मध्ये अंध झाली, ते दुःख मात्र कथेत आले. १८८०-८१ च्या भीषण हिवाळ्यावर तर एक अख्खे पुस्तक आहे. १८८५ मध्ये अल्मान्झो वाइल्डर यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर घटसर्प, तान्ह्या मुलाचा मृत्यू, घराला आग, आणि १८९४ मध्ये मिसूरीकडे स्थलांतर.

पहिले पुस्तक निघाले ते १९३२ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. कन्या रोज वाइल्डर लेन यांनी हस्तलिखितांवर बराच हात फिरविला होता. खाजगी दुःख झाकणे हा लेखिकेचा अधिकार आहे, असे मला वाटते; परंतु दुसऱ्याच्या भूमीला निर्मनुष्य म्हणणे ही गोष्ट निराळी. १९३५ च्या पुस्तकात, त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाने हरकत घेतल्यावर लॉराबाईंनी आपली चूक निखळपणे मान्य केली, आणि १९५३ च्या आवृत्तीत माणसांच्या जागी वसाहतकरी हा शब्द आला.

१० फेब्रुवारी १९५७ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. २०१८ मध्ये अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्य पुरस्काराला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. त्याआधी, २०१४ मध्ये, प्रकाशकांनी कधीकाळी नाकारलेले त्यांचे आत्मकथन छापून आले होते. त्यात बर ओक आहे, फ्रेडीही आहे.