डब्लिनला राहून तुळजापूरची कादंबरी लिहिणारे कर्नल मेडोज टेलर कोण होते? विदर्भातील दगडी वर्तुळांशी त्यांचा काय संबंध?

नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणे दिसतात. अशी रिंगणे कोणी रचली? दख्खनमधील अशाच रिंगणांबद्दल दीडशे वर्षांपूर्वी एका कादंबरीकाराने थेट आयर्लंडकडे बोट दाखवले होते. जाणून घेऊया, फिलिप मेडोज टेलर यांची गोष्ट.

भारतात कसे आले?
टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी त्यांना मुंबईतील एका व्यापाऱ्याकडे पाठवण्यात आले. पण ती पेढीच अडचणीत होती. १८२४ मध्ये त्यांनी निजामाच्या फौजेत नोकरी धरली. पुढे त्यांनी हैदराबादच्या विल्यम पामर यांच्या मुलीशी लग्न केले. पामर यांचे वडील इंग्रज, आई भारतीय. म्हणजे टेलर यांच्या घरातच दोन वंश एकत्र आले होते.

महाराष्ट्राशी काय नाते?
१८५३ नंतर टेलर यांच्याकडे नळदुर्गचा कारभार होता. हा भाग आज धाराशिव जिल्ह्यात येतो. १८५७ च्या उठावाच्या काळात त्यांची बदली वऱ्हाडात बुलढाण्याला झाली. १८६० मध्ये प्रकृती बिघडल्याने ते भारतातून परतले आणि डब्लिनजवळ स्थायिक झाले.

कादंबऱ्या कशावर?
ठगांवरील १८३९ च्या कादंबरीने त्यांचे नाव झाले. निवृत्तीनंतर त्यांनी तीन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने: १६५७, १७५७ आणि १८५७. पहिली ‘तारा’ १८६३ मध्ये आली. तिची नायिका तुळजापूरची ब्राह्मण बालविधवा, तर नायक अफजलखानाचा मुलगा. तिसऱ्या ‘सीता’मध्ये हिंदू विधवा आणि इंग्रज अधिकाऱ्याचे लग्न आहे. वेगळ्या धर्माची, वेगळ्या वंशाची माणसे एकमेकांची होऊ शकतात का, हा प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. अर्थात, लिहिणारा राज्यकर्त्यांपैकी होता, हे विसरून या कादंबऱ्या वाचता येणार नाहीत.

दगडांचा आणि आयर्लंडचा संबंध काय?
आज कर्नाटकात असलेल्या शोरापूर संस्थानात टेलर बारा वर्षे होते. तिथे त्यांनी दगडी वर्तुळे आणि दगडी कबरी उकरून मोजमापे घेतली, चित्रे काढली. हा लेख डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीने छापला. आयर्लंडमधील प्राचीन दगडी कबरींशी साम्य पाहून दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे, बहुधा केल्ट किंवा शक, असावेत असे त्यांना वाटले.

मग ते बरोबर होते का?
नाही. आयर्लंडमधील न्यूग्रेंजसारखी दगडी स्मारके पाच हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे केल्ट संस्कृतीच्याही कितीतरी आधीची आहेत. विदर्भातील वर्तुळे लोहयुगातील, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील. मेलेल्या माणसाला दगडाखाली जपून ठेवण्याची रीत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू होऊ शकते. साम्य म्हणजे नाते नव्हे. टेलर यांचा निष्कर्ष मागे पडला, त्यांची मोजमापे मात्र अभ्यासकांच्या कामी आली.

आपल्यासाठी महत्त्व काय?
नागपूर, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात अशी वर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. एकट्या जुनापाणी परिसरात सुमारे ३०० वर्तुळे आहेत. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसे घोडे बाळगणारी आणि लोखंड घडवणारी होती.

टेलर १८७६ मध्ये फ्रान्समध्ये वारले. कबरींमधल्या माणसांची नावे त्यांना कळली नाहीत, आपल्यालाही माहीत नाहीत. जे काही कळेल ते जागेवर असलेल्या दगडांमधूनच. शेताच्या बांधासाठी किंवा रस्त्यासाठी एक दगड हलला, की त्या गोष्टीचे एक पान कायमचे जाते.