सर अलेक्झांडर फ्लेमिंग : नेमबाज ते पेनिसिलिनचे जनक

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. पुढे ते लंडनला भावाकडे आले आणि शिक्षण आटोपून एका जहाज कंपनीत कारकुनी करू लागले. १९०० साली ते ‘लंडन स्कॉटिश’ या स्वयंसेवक पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. तेथे त्यांनी उत्तम नेमबाज म्हणून नाव मिळवले.

काकांच्या वारशातून थोडे पैसे हाती आल्यावर त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. पदवीनंतर त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. पण तेथील रायफल क्लबला आपला चांगला नेमबाज गमवायचा नव्हता. क्लबच्या कर्णधाराच्या आग्रहामुळे ते अल्मरॉथ राइट यांच्या जंतुशास्त्र प्रयोगशाळेत रुजू झाले आणि आयुष्यभर तेथेच रमले.

पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन होते. फ्रान्समधील बुलोन येथील प्रयोगशाळेत ते जखमांचा अभ्यास करीत. गोळी किंवा बॉम्बचा तुकडा शरीरात शिरताना गणवेशाची चिंधी आणि माती आत ओढून नेई. त्यातील जंतूंमुळे जखम सडत असे. डॉक्टर अशा जखमांवर तीव्र जंतुनाशके ओतत. फ्लेमिंग यांनी काचेची काटेरी नळी बनवून दाखवून दिले, की जखमेच्या खोल कपारींत ही औषधे पोहोचतच नाहीत. उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र त्यांनी मरतात. शरीराला इजा न करता जंतू मारणारे औषध हवे, ही गरज त्यांच्या मनात पक्की बसली.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर ते जंतू वाढवलेल्या जुन्या बश्या तपासत होते. एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते. बशी खराब झाली म्हणून फेकून न देता त्यांनी ती बुरशी वेगळी वाढवली. तिच्या रसाला त्यांनी ‘पेनिसिलिन’ असे नाव दिले आणि १९२९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.

बुरशीची जात मात्र सुरुवातीला चुकीची ठरवली गेली होती. ‘द पेनिसिलिया’ हा या बुरशींचा संदर्भग्रंथ लिहिणारे अमेरिकन तज्ज्ञ चार्ल्स थॉम यांनी ती ‘पेनिसिलियम नोटॅटम’ असल्याचे ओळखले. औषध शुद्ध स्वरूपात वेगळे करणे फ्लेमिंग यांना जमले नाही. पण त्यांनी बुरशीचा वाण जतन केला आणि मागेल त्याला दिला.

पुढचे काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला हे औषध दिले. तो सुधारू लागला. परंतु साठा संपला आणि तो दगावला. प्रश्न आता उत्पादनाचा होता. त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यावर बुरशी वाढवली, तेव्हा उत्पादन कितीतरी वाढले. मग कारखान्यांत मोठमोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा जखमींसाठी पेनिसिलिन तयार होते.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानातच फ्लेमिंग यांनी बजावले होते, की औषध अपुऱ्या मात्रेत घेतल्यास जंतू मरत नाहीत, तर त्याला दाद न देण्यास शिकतात. आज हीच अडचण जगभरातील डॉक्टरांपुढे उभी आहे.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांची समाधी आहे. त्याच सुमारास आपल्या देशात, पुण्याजवळच्या पिंपरी येथे, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले होते.

छात्र मित्रांनो, फ्लेमिंग यांना नशिबाने साथ दिली हे खरे. पण बुरशी लागलेल्या बश्या त्यांच्याआधीही अनेकांनी पाहिल्या असतील. युद्धात सडलेल्या जखमा जवळून पाहिलेल्या माणसाला त्या बशीचे मोल कळले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटताच मध्येच सोडू नका. त्यांच्या इशाऱ्याचा मान राखण्याचा तो सर्वात सोपा मार्ग आहे.