आईसाठी लिहिलेली गीता

मनातले कागदावर उतरवण्याची सवय तुम्हाला असेल, तर एक प्रश्न कधीतरी पडला असेलच: हे मी कोणासाठी लिहितो आहे? आचार्य विनोबा भावे यांचे जीवन या प्रश्नाच्या उजेडात पाहू या.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे गावी झाला. पुढे कुटुंब बडोद्याला राहू लागले. आईचा हा विन्या कविता करायचा. एकेका कवितेवर तो तासन्‌तास, कधी दिवसही घालवायचा आणि मनासारखी झाली की अग्नीला अर्पण करायचा. आईच्या हे लक्षात आले. तिने त्या कविता ऐकायची इच्छा दाखवली. मग कविता आधी आईला वाचून दाखवायची आणि नंतर जाळायची, असा क्रम पडला. एके दिवशी त्याने शाळेची प्रमाणपत्रेही आईसमोरच चुलीत घातली. पुढे कधी उपयोगी पडतील, असे तिला वाटत होते. त्याला मात्र ती ओळख नकोच होती.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि काशीला गेला. तिथेही तो गंगेकाठी बसून कविता लिहायचा आणि गंगेतच सोडून द्यायचा. त्याच वर्षी जूनमध्ये तो गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला.

आईची इच्छा

विनोबांच्या आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण संतांची कितीतरी भजने त्यांना पाठ होती. गीतेवरील प्रवचनाला त्या जात, परंतु संस्कृत श्लोक कळत नसत. वामन पंडितांचा मराठी अनुवाद आणून दिला, तोही अवघड गेला. तेव्हा त्यांनी मुलालाच सांगितले की सोप्या मराठीत गीता तूच का लिहीत नाहीस? त्याला हे जमेल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

ती गीता वाचायला त्या राहिल्या नाहीत. ऑक्टोबर १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले. अंत्यविधी पुरोहिताकडून न करवता स्वतः करावेत, असा विनोबांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही आणि ते स्मशानात गेले नाहीत. स्नान करून वेद घेऊन बसले. त्यांचे वेदाध्ययन त्या दिवसापासून सुरू झाले.

बारा वर्षांनंतर

वाचकहो, थोडे थांबून विचार करा. सांगणारी व्यक्ती निघून गेली, तर आपण तिचे काम किती दिवस लक्षात ठेवतो? विनोबांनी ते बारा वर्षे मनात जपले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे त्यांनी लेखणी हाती घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीतेचे सातशे श्लोक मराठीत उतरले होते. नाव ठेवले ‘गीताई’. गीता आणि आई एकाच शब्दात आल्या.

छापण्याआधी त्यांनी ती आश्रमातील एका छोट्या वर्गाला शिकवली. त्यात एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिला समजले, तर ते पुरेसे आहे, असे त्यांनी मानले. अडलेले शब्द बदलले. आई समोर नव्हती, म्हणून आईच्या जागी त्यांनी त्या मुलीला बसवले.

१९३२ मध्ये ‘गीताई’ प्रसिद्ध झाली, तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे दर रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेचा एकेक अध्याय उलगडला आणि साने गुरुजींनी तो लिहून घेतला. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. भूदानयात्रेत ते भारतीय भाषांमधून गावोगाव पोहोचले. अखेरच्या काळात विनोबा स्वतःच्या सहीच्या जागी अनेकदा ‘राम हरि’ एवढेच लिहीत.

ज्याने आपल्या कविता जाळल्या, त्यानेच ‘गीताई’चा शब्द न् शब्द जपला. कविता लिहिताना मिळणारे समाधान त्याचे एकट्याचे होते, ते त्याने सोडून दिले. ‘गीताई’ आईची ठेव होती, ती सोडण्याचा त्याला अधिकारच नव्हता. श्रद्धेने लिहिणे म्हणजे आणखी काय असते?

आज रात्री झोपण्यापूर्वी पाच ओळी लिहा. घरातील ज्या माणसाला तुमचे मोठे शब्द कळत नाहीत, त्याच्यासाठी लिहा आणि त्याला वाचून दाखवा. जिथे तो अडेल, तिथला शब्द बदला. तुमची साधना तिथूनच सुरू होईल.