तीन डॉलरची फी

चष्म्याच्या दुकानात आपण नंबर तपासून घेतो, पण तपासणाऱ्याचं शिक्षण काय, हे सहसा विचारत नाही. अमेरिकेत हा प्रश्न लावून धरला तो चार्ल्स प्रेंटिस या चष्मेवाल्यांनी. ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासण्याचं शास्त्र, शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला हे नाव पाठ असतं.

प्रेंटिस यांचा जन्म १८५४ मध्ये ब्रुकलिनला झाला. वडिलांचा चष्म्यांचा धंदा. मुलगा जर्मनीत इंजिनिअरिंग शिकला, पण पुढे वडिलांच्याच धंद्यात आला. नुसत्या फ्रेमा विकण्यात त्यांचं मन रमेना, म्हणून ते भिंगाचं गणित मांडत बसले. भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून सरकला की वस्तू जागेवरून हलल्यासारखी दिसते. किती हलते, याचा नियम त्यांच्या नावाने आहे: सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं नि नंबराने गुणायचं. सहा नंबरचं भिंग अर्धा सेंटिमीटर सरकलं, तर एक मीटरवरची वस्तू तीन सेंटिमीटर बाजूला दिसणार! नव्या चष्म्याने डोकं दुखत असेल, तर नंबराबरोबर हेही बघून घ्या गं.

१८९२ मध्ये त्यांनी एक रुग्ण नामवंत नेत्रतज्ज्ञ डॉ. हेन्री नॉइज यांच्याकडे पाठवला. डॉक्टरांना खटकली ती प्रेंटिस यांनी तपासणीची घेतलेली तीन डॉलर फी. चष्मेवाल्याने चष्मा विकावा, तपासणीचे पैसे कसले? आपल्याला हे ओळखीचंच आहे. ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे देतात, पण माप-बेतण्याच्या अकलेचे मागितले की कपाळाला आठ्या पडतात.

अर्थात, तेव्हा दारोदार चष्मे विकणारे फेरीवालेही होते, त्यामुळे डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती. प्रेंटिस यांनी उपाय काढला तो परीक्षेचा. परीक्षा द्या, परवाना घ्या, मगच डोळे तपासा. १८९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणलेलं विधेयक फेटाळलं गेलं. पहिला कायदा १९०१ मध्ये मिनेसोटाने केला, न्यूयॉर्कचा १९०८ मध्ये आला आणि तिथल्या परीक्षा मंडळाचे पहिले अध्यक्ष प्रेंटिसच झाले. १९२४ पर्यंत सगळ्या राज्यांत कायदा झाला. प्रेंटिस १९४६ मध्ये वारले.

आता तिथे परवान्यानंतर मुलांची नजर, कॉन्टॅक्ट लेन्स, फार अधू दृष्टी असा एखादा विषय घेऊन त्यात वेगळं प्रमाणपत्रही मिळवता येतं. आपल्याकडे ऑप्टोमेट्रीची पदवी चार वर्षांची आहे, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. मात्र या मंडळींच्या नोंदणीची तरतूद करणारा केंद्राचा कायदा आला तो २०२१ मध्ये.