दोन रामदास

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : दासबोध, दशक ४, समास ७ (दास्यभक्ती)

दास्यभक्ती म्हटलं की आपल्याला हात जोडून बसलेला हनुमान आठवतो. पण समर्थांचा हा समास उघडून बघा, तो जवळजवळ कामांची यादी आहे. पडकी देवळं उभी करा, फुटलेली तळी बांधा, धर्मशाळा चालवा, देवाला सिंहासन, पालखी, छत्र, चामरं करा. देवाच्या वैभवात काही कमी पडू देऊ नका.

हा समास आला की मला दुसरे रामदास आठवतात. भद्राचलमचे.

त्यांचं मूळ नाव कंचर्ला गोपन्ना. गाव नेलकोंडपल्ली, आजच्या तेलंगणात खम्मम जिल्ह्यात. आपले समर्थ जांबचे नारायण ठोसर, जन्म १६०८चा. म्हणजे दोघेही जन्माने रामदास नव्हेत, दोघांना ते नाव रामामुळे मिळालं, आणि दोघेही सतराव्या शतकातले. दोघांच्या आयुष्यात गोदावरीही आहे. समर्थांनी बारा वर्षं तप केलं ते नाशिकजवळच्या टाकळीला. तीच नदी पुढे वाहत भद्राचलमला जाते.

गोपन्ना गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत नोकरीला होते. मादण्णा आणि आकण्णा हे त्यांचे मामा, असं परंपरा सांगते. मादण्णा म्हणजे तेच, १६७७ साली शिवाजी महाराज भागानगरला गेले तेव्हा तिथला सगळा कारभार ज्यांच्या हातात होता. गोपन्ना पाल्वंचा परगण्याचे तहसीलदार झाले. काम सारा वसुलीचं. याच परगण्यात गोदावरीकाठच्या टेकडीवर पोकल दम्मक्का नावाच्या आदिवासी बाईला रामाची मूर्ती सापडली होती आणि ती साध्या झोपडीत तिची पूजा करत होती. गोपन्नांनी ते पाहिलं आणि ठरवलं, इथे मंदिर झालंच पाहिजे.

मंदिर झालं. तट, गोपुर, सीतामाईला पदक, भरत-लक्ष्मणांना दागिने, सगळं झालं. पैसा मात्र वसुलीचा होता.

इथे मी दरवेळी अडखळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर अप्रूव्हल न घेता दुसऱ्याचं बजेट खर्च केलं. लोकांनी खुशीने वर्गणी दिली होती, असंही काही ठिकाणी सांगतात. मला तो बचाव नंतर जोडलेला वाटतो. समर्थांनी चाफळला राममंदिर बांधलं ते भिक्षा मागून आणि शिष्य-गावकऱ्यांच्या कष्टावर. अंगापूरच्या डोहातून मिळालेली मूर्ती तिथे बसवली. दास्य तेच, पण समर्थांच्या डोक्यावर कुणाच्या खजिन्याचा हिशोब नव्हता. आणि साऱ्याचा पैसा शेवटी शेतकऱ्याच्याच घामाचा ना? देवासाठी झाला म्हणून तो प्रश्न संपत नाही.

अबुल हसन तानाशाहाने (राज्य १६७२ ते १६८७) हिशोब मागितला. तो जुळला नाही. मग गोवळकोंड्याच्या किल्ल्यात बारा वर्षं कैद. पुन्हा बारा! किल्ल्यात ती कोठडी आजही दाखवतात, आत भिंतीवर देवांच्या आकृती कोरलेल्या आहेत.

त्या कोठडीत तेलुगू कीर्तनं झाली. त्यातलं एक फार वेगळं आहे. त्यात गोपन्ना रामाला चक्क बिलं दाखवतात. कुणाला कुठला दागिना केला, त्याला किती वराह लागले, सगळं आकड्यांसकट. वर टोमणे. रामाच्या वडिलांना आणि सासऱ्यांनाही मध्ये ओढतात. दागिने मिरवतो हा, आणि मार खातो मी, असा एकूण सूर. आणि शेवटी एकदम सूर उतरतो. मार सोसवेना म्हणून तोंडून शिव्या गेल्या, मनावर घेऊ नकोस, अशी विनवणी येते.

परंपरा पुढे सांगते की एका रात्री रामोजी आणि लक्ष्मोजी नावाचे दोन तरुण तानाशाहाकडे गेले, सहा लाख मोहरा मोजून दिल्या आणि रीतसर पावती घेतली. ती पावती झोपलेल्या गोपन्नांच्या उशाशी सापडली. हिशोब बुडवला नाही रामाने, पूर्ण चुकता केला, हे मला या कथेतलं सगळ्यात आवडतं. गोपन्ना सुटले, पण आनंदाऐवजी रडले. बारा वर्षं हाका मारल्या त्यांनी, आणि दर्शन झालं तानाशाहाला! तानाशाहाने मग रामनवमीच्या सीताराम कल्याणासाठी मोती पाठवायची प्रथा घातली, असं सांगतात. आज ते मोती राज्य सरकारकडून जातात.

उद्या आठवा समास, सख्यभक्ती. त्यात समर्थ म्हणतात की मनासारखं झालं नाही म्हणून देवावर रागावणं ही सख्यभक्ती नव्हेच. वाचायच्या आधी गोपन्नांचं ते बिलांचं कीर्तन शोधून ऐका. बालमुरलीकृष्णांनी रामदासांची बरीच कीर्तनं गायली आहेत. तेलुगू येत नसलं तरी चालेल.

जय जय रघुवीर समर्थ